चुंबकाने स्मरणशक्ती परत आणतो म्हणाले, आणि 2,34,500 घेऊन मोकळे झाले

पैसे कसे काढतात हे तुम्हाला सांगायला नको. आधी मोफत तपासणी, मग 'आजच ठरवलंत तर सवलत'. बाबांच्या चुंबक-उपचाराच्या 30 सत्रांचे 1,80,000 मी आगाऊ भरले, 'मेंदूचा नकाशा' म्हणून वर 18,500. सोळाव्या सत्राला 'प्रतिसाद फार छान आहे, आता थांबलात तर सगळं वाया जाईल' म्हणून आणखी 36,000.

मी न वाचता गेले नव्हते. टीएमएस, म्हणजे डोक्याबाहेरून चुंबकाचे झटके देऊन मेंदूला चालना देणं, हा खरा उपचार आहे. नैराश्यासाठी त्याला अमेरिकेत 2008 मध्ये मान्यता मिळाली, ओसीडीसाठी (तेच तेच विचार आणि कृती थांबत नाहीत तो आजार) 2018 मध्ये. पण 2019 मध्ये अल्झायमरसाठीच्या यंत्राचा फायदा तिथल्याच तज्ज्ञ समितीला पटला नव्हता, तेवढं मी शोधलं नाही. बाबांना माझं नाव आठवेनासं झालं होतं. तेव्हा कोणी 'होईल' म्हणालं की माणूस तेवढंच ऐकतो.

कळायला हवं होतं ते पहिल्याच दिवशी. बाबांच्या उजव्या कानात श्रवणयंत्र असतं. एमआरआयच्या वेळी तिथल्या माणसाने ते, घड्याळ, बोटातली अंगठी, सगळं काढून माझ्या ओंजळीत दिलं होतं. म्हणून इथेही मी विचारलं, "हे काढायचं ना?" इथला माणूस बाबांच्या डोक्यावर चुंबकाची टोपी चढवत म्हणाला, "राहू द्या ताई, काही होत नाही." डोक्यात धातू आहे का, पेसमेकर आहे का, कधी फिट आली होती का, एकही प्रश्न नाही. टोपीवर निळे दिवे लागले आणि बाबा पाच मिनिटांत झोपले. मी शेजारी बसून ते झोपलेले बघत होते! खऱ्या टीएमएसची कॉइल, म्हणजे डोक्याला लावायचं तारेचं वेटोळं, इतक्या जोरात टकटक वाजते की कानात बोळे घालावे लागतात. त्याआधी हाताचा अंगठा कितपत उडतो ते बघून प्रत्येकासाठी जोर ठरवतात. बाबांचा अंगठा 30 दिवसांत एकदाही हलला नाही. कानाला चिकटलेल्या श्रवणयंत्राला जे चुंबक काही करत नाही, ते कवटीच्या आत काय करणार? हे मला तिथल्या तिथे सुचायला हवं होतं.

त्यांच्याकडच्या स्मरणशक्तीच्या चाचणीतले गुण मात्र वाढले. 30 पैकी 17 चे 20 झाले. दर वेळी तेच तीन शब्द: सफरचंद, टेबल, नाणं. बाहेरच्या बाकावर मदतनीस बाई बाबांकडून ते घोकून घ्यायच्या आणि मला ती माया वाटायची. चाचणी आपल्या नेहमीच्या न्यूरॉलॉजिस्टकडेच करून घ्या, उपचार विकणाऱ्याकडे कधीच नाही.

दादा पहिल्यापासून नको म्हणत होता. त्याच्याशी मी भांडले.

आणि तक्रार करायला गेले तर काय! पोलीस म्हणाले, गुण आला नाही म्हणजे फसवणूक होत नाही, शिवाय संमतीपत्रावर तुमची सही आहे. हा डॉक्टरांचा विषय, तिकडे जा. डॉक्टरांची नोंदणी बघणाऱ्या कार्यालयात नऊ दिवसांनी उत्तर मिळालं: तो माणूस डॉक्टरच नाही, त्यामुळे आमच्या अखत्यारीत येत नाही, पोलिसांकडे जा. डॉक्टर नसलेला माणूस रुग्णाच्या डोक्याला यंत्र लावतो, हाच तर गुन्हा ना? पुन्हा ठाण्यात गेले. साहेब बदलले होते, सगळी हकिगत पहिल्यापासून. त्यांनी पावती मागितली. पावतीवर 'उपचार' हा शब्दच नाही, 'वेलनेस सेवा' आहे. ती पावती मी सहा आठवडे पर्समध्ये बाळगली होती, वाचली नव्हती. पैसे देण्याआधी वाचा, यंत्राचं नाव आणि मॉडेल लिहून मागा. देत नसतील तर उठा.

संशोधन चालू आहे, हेही खरंच. 2022 मध्ये टीएमएस दिलेल्या अल्झायमरच्या 50 रुग्णांवरच्या 24 आठवड्यांच्या अभ्यासात घसरण मंदावल्याचं दिसलं. मंदावली, गेलेलं परत आलं नाही. 'परत आणतो' म्हणणारा तिथेच खोटा ठरतो. अभ्यासात घेतो म्हणून कोणी सत्राचे पैसे मागत असेल तर आधी संशोधनाच्या नैतिकता समितीची (एथिक्स कमिटीची) मंजुरी दाखवायला सांगा.

तिसरी लेखी तक्रार काल दिली. या वेळी पहिल्याच ओळीत श्रवणयंत्राचं लिहिलंय. पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलले नाही.