लहान तोंडी मोठा घास: टोकिना १०-१७ फिशआयसोबत नऊ महिने

पहिल्या पंधरा दिवसांतले फोटो आज काढून बघितले, तर निम्म्या फोटोंत माझंच काहीतरी घुसलंय. कुठे डाव्या हाताचं बोट, कुठे बुटाचं टोक, कुठे गळ्यातला पट्टा. टोकिना १०-१७ ही फिशआय, म्हणजे कडेच्या सरळ रेघा वाकवून खूप रुंद दृश्य टिपणारी झूम लेन्स. १० एमएमला ती एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत जवळजवळ १८० अंश बघते. कॅमेरा कसा धरायचा हे मला इतक्या वर्षांनी नव्याने शिकावं लागलं: बोटं मागे, कोपरं अंगाशी, आणि शटर दाबण्याआधी चारही कोपऱ्यांवर एक नजर.

लेन्स म्हणजे टोकिना एटी-एक्स १०-१७ एमएम एफ/३.५-४.५, कॅननच्या ईएफ माउंटची (माउंट म्हणजे लेन्स आणि कॅमेऱ्याचा जोड), सेकंडहँड घेतलेली. आहे मुळात आरशावाल्या डीएसएलआर कॅमेऱ्यांच्या जमान्यातली; मी ती कॅनन आर५० या मिररलेस, म्हणजे बिनआरशाच्या कॅमेऱ्यावर अडॅप्टर लावून वापरतो. बॉडी ३७५ ग्रॅम, लेन्स ३५०, वर अडॅप्टरचे ११०. टेबलावर ठेवला की कॅमेरा नाकावर पडतो. पण ऑटोफोकस चालतो, अॅपर्चर (प्रकाश आत घेणारं भोक) बॉडीवरून बदलतं, तक्रार नाही. मोटर तेवढी घर्रघर्र करते आणि ती व्हिडिओत ऐकू येते.

घेताना एका मित्राने विचारलं होतं, "सात एमएमच्या झूमचं तू लोणचं घालणार आहेस का? सॅमयांगची बिनझूमची आठ एमएम फिशआय घे, आणि हवं तर दोन पावलं पुढे हो." मुद्दा बिनतोड वाटला होता. आता म्हणेन, ही लेन्स घ्यायचीच ती त्या सात एमएमसाठी.

फिशआयमध्ये फ्रेमच्या मध्यातून जाणारी रेघ सरळ राहते, बाकीच्या वाकतात, आणि मध्यापासून जितक्या लांब तितक्या जास्त. १० ला अख्खा तमाशा दिसतो. १७ ला कोन १०० अंशांवर येतो, सगळ्यात वाकडा भाग फ्रेमबाहेर राहतो, आणि समोर झाडं-माणसं असतील तर फिशआय आहे हे बघणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. वाक किती हवा हे रिंग फिरवून ठरवता येतं. दोन पावलं पुढे जाऊन ते होत नाही, उलट समोरच्याचं नाक मोठं होतं. पहिले दोन महिने माझे जवळपास सगळे फोटो १० चे होते. आता बहुतेक १४ ते १७ मधले असतात.

हे पुरतं डोक्यात शिरलं ते हरिश्चंद्रगडावर. कोकणकडा मुळातच आत वळलेला, नागाच्या फण्यासारखा. मी हौसेने १० ला फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. सगळ्यांचं एकच, "लेन्सची करामत!" खरा कडा खोटा ठरला. पुढच्या वेळी १६ ला, क्षितिज बरोबर मध्यावर ठेवून काढला, तेव्हा कुठे कड्याचा वाक कड्याचा दिसला. क्षितिजाचं गणित सोपं आहे. कॅमेरा वर उचलला की ते परातीसारखं खोलगट होतं, खाली झुकवला की पाठ फुगवतं. मध्यावर ठेवलं की गुमान सरळ.

१० एमएम अगदीच वाया जातं असंही नाही. साताऱ्याजवळ लिंब गावातली बारा मोटेची विहीर, १७१९ ते १७२४ या काळात बांधलेली, ११० फूट खोल आणि ५० फूट व्यासाची. काठावर उभं राहून साध्या लेन्सने एक तर पाणी येतं, नाही तर भिंत. इथे कठड्यावर कोपरं टेकवून कॅमेरा थेट खाली रोखला, आणि तळापासून काठापर्यंतची सगळी अष्टकोनी विहीर एका फ्रेममध्ये मावली. खालच्या कडेला माझ्या चपलाही. त्या क्रॉप केल्या.

आणि जवळचं! ही लेन्स सेन्सरपासून १४ सेंमीवर फोकस करते, म्हणजे पुढच्या काचेपासून दोन-तीन सेंमी. गौरी-गणपतीत उकडीच्या मोदकाचा फोटो काढला, पाकळी न् पाकळी दिसतेय, मोदक डोंगराएवढा आणि मागे अख्खं स्वयंपाकघर. पण वाफ थेट काचेवर. पुसेपर्यंत मोदक थंड, वर आईची बोलणी. पाण्याखाली फोटो काढणाऱ्यांमध्ये ही लेन्स वर्षानुवर्षं लाडकी आहे ती याच गुणामुळे: विषयाला चिकटता आलं की मधलं गढूळ पाणी कमी होतं, आणि तिथे वाकायला सरळ रेघाही नसतात.

दोष विचाराल तर झाडाच्या फांद्या आणि पांढरं आभाळ एकत्र आलं की कडांना जांभळी-हिरवी किनार येते, आणि ती चांगलीच ठळक. अॅपर्चर एफ/८ पर्यंत लहान केलं की कोपरे सुधारतात, किनार जात नाही. ती सॉफ्टवेअरमध्येच काढायची. पुढे फुगलेली काच, त्यामुळे फिल्टर लागत नाही. फोटो सरळ करायला मी ह्युगिन हे फुकटचं सॉफ्टवेअर वापरतो, पण त्यात कोपरे ताणून पातळ होतात. सगळे फोटो सरळच करायचे असतील तर साधी वाइड लेन्स घ्या. ग्रुप फोटोचं तर नावच नको. मुंजीत कडेला उभ्या राहिलेल्या मावशीचा दंड जो काही आलाय, त्यावरून ती अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

कुणी घेणार असेल तर माउंट आधी बघा. निकॉनवाल्या प्रतीत मोटर नाही, ती बॉडीतल्या मोटरवर चालते. निकॉनच्या मिररलेस झेड बॉडीला त्यांचा एफटीझेड अडॅप्टर लावून फोकस हातानेच करावा लागेल.

टॉर्च मारून काचही बघा. माझ्या काचेवर कडेला एक बारीक चरा आहे. विसर्जनाच्या मिरवणुकीत ढोलाच्या पानाला अगदी चिकटून फोटो काढत होतो, व्ह्यूफाइंडरमध्ये ढोल लांब वाटत होता, आणि टिपरू आलं ते थेट लेन्सवर. वाजवणारा पोरगा घाबरून थांबला, मी त्याला वाजव म्हटलं. एरवी चरा दिसत नाही. सूर्य समोर असला की तेवढ्या जागी एक टिकली चमकते.