रडार नको, सोनार लावलं: गोसीखुर्दच्या पाण्यावरचा आठ महिन्यांचा अनुभव

डिसेंबर-जानेवारीत गोसीखुर्द धरणामुळे वैनगंगेला आलेल्या फुगवट्यावर सकाळी धुकं बसलं की वीस हातांवरचा डोंगा दिसत नाही. त्यामुळे होडीवर रडार लावावं का, हा प्रश्न पवनीच्या बाजूला दर हिवाळ्यात निघतोच. सोळा फुटी फायबरच्या होडीवर ऑक्टोबर ते मे सोनार, म्हणजे पाण्यात आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून खोली दाखवणारं यंत्र, वापरून झाल्यावर उत्तर असं की रडारचा खर्च इथे करू नये. सोनारही प्रत्येकाला लागत नाही.

रडारचं आधी उरकून घेऊ. लहान होडीला बसणाऱ्या रडारच्या अठरा इंची घुमटातून निघणारा झोत साधारण 5 अंश रुंद असतो, म्हणजे एक किलोमीटरवर जवळजवळ 90 मीटर. तेवढ्या अंतरात शेजारी-शेजारी असलेले दोन डोंगे पडद्यावर एकच ठिपका होतात, तोही दिसला तर. लाकडी डोंगा पाण्याला चिकटून चालतो, लोखंड नावापुरतं असतं, त्याच्याकडून परत येणारा प्रतिध्वनी फार क्षीण. समुद्रात रडार कामाला येतं ते लोखंडी जहाजं, किनारा आणि पावसाची सर दाखवायला, आणि शिडाच्या होडीत ते डोलकाठीवर उंच बसतं. आपल्या होडीला डोलकाठी नाही, घुमट माणसाच्या डोक्याच्या उंचीला येतो आणि तिथे तो नसलेलाच बरा. शिवाय रडार पाण्याच्या पृष्ठभागाखालचं काहीच दाखवत नाही, आणि गोसीखुर्दला खरा धोका पाण्याखालीच आहे. बुडालेल्या बाभळी, मोह, घरांच्या भिंती, विजेचे खांब. एका रडारच्या किमतीत तीन-चार सोनार येतात. धुक्यासाठी शिट्टी, पुढे पांढरा एलईडी दिवा, अंगात जॅकेट आणि सूर्य वर येईपर्यंत थांबणं, एवढंच करा.

सोनार पाच इंची पडद्याचं, जीपीएससह, 200 किलोहर्ट्झवर चालणारं. विजेची ओढ साधारण 0.6 अँपिअर. 12 अँपिअर-तासाची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी दोन दिवस सहज पुरते. गाडीची जुनी लेड-अ‍ॅसिड बॅटरी लावली तर निम्म्याखाली उतरवू नका, आणि लिथियमला गाडीचा साधा चार्जर लावू नका, 14.6 व्होल्टचा तिचाच हवा. बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरात 3 अँपिअरचा फ्यूज घाला. पुष्कळ जण तो यंत्राजवळ घालतात. मग मधली वायर घासून उघडी पडली की फ्यूज काही कामाचा राहत नाही.

खरी मेहनत आवाज सोडणारा आणि ऐकणारा, पाण्यात बुडणारा सेन्सर बसवण्यात आहे. फायबरचा तळ एकेरी आणि भरीव असेल तर तो आतून इपॉक्सीने चिकटवता येतो, मात्र खाली हवेचा एक बुडबुडा राहिला तरी पडदा कोरा. लाकडी डोंग्यात आतून बसवायचा विचारच सोडा, लाकडाच्या रंध्रांत हवा असते आणि आवाज तिथेच जिरतो. डोंग्याला सोपी रीत म्हणजे एक इंची अ‍ॅल्युमिनियमचा पाइप काठाला दोन पट्ट्यांनी आवळायचा आणि सेन्सर पाण्याखाली एक फूट सोडायचा. पाइप वर उचलता आला पाहिजे, कारण गाळात होडी लावताना पहिला मार त्यालाच बसतो. सेन्सरचं तोंड पाण्याला समांतर हवं. ते तिरपं असलं तर खोली जास्त दिसते. तो जितका बुडाला तितके 30 सेंटिमीटर सेटिंगमध्ये वाढवून ठेवा. केबल जास्त झाली तरी कापू नका, गुंडाळून इंजिनपासून लांब बांधा. जवळून नेली तर स्पार्कच्या तुटक रेघा पडद्यावर नाचतात. पहिल्यांदा पाण्यात सोडताना तोंडाला साबणाचं पाणी लावा, नाहीतर हवेचा पातळ थर चिकटून बसतो आणि अर्धा तास यंत्र बिघडलंय असंच वाटतं. पाइपवर बसवल्यावर ताशी 8-10 किलोमीटरच्या पुढे बुडबुडे धरतात, तेव्हा वाचनावर विश्वास ठेवू नका.

आता मुख्य गोष्ट, जी दुकानात कोणी सांगत नाही. सोनार खाली पाहतं, पुढे पाहत नाही. झोत साधारण 20 अंशांचा धरला तर तळावरचं वर्तुळ खोलीच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडं मोठं. 10 मीटर पाण्यात साडेतीन मीटर, 2 मीटर पाण्यात जेमतेम 70 सेंटिमीटर. म्हणजे जिथे खुंट पंख्याला लागायची भीती जास्त, तिथेच यंत्राची नजर सगळ्यात अरुंद. होडीच्या हातभर बाजूला उभा असलेला बाभळीचा बुंधा ते दाखवणार नाही. म्हणून ‘सोनार आहे, जाऊ दे जोरात’ हा हिशोब इंजिनाचा पंखा फोडतो.

उपयोग आहे तो नकाशा बांधायला. खुंट सापडला की हळू चालत दोन-तीन दिशांनी त्याच्यावरून जा, सगळ्यात कमी आलेली खोली घ्या आणि जीपीएसवर खूण करा. पण नुसती खोली लिहू नका. जलाशय ऑक्टोबरपासून उतरत जातो, दिवाळीतली 2 मीटर खोली होळीला तितकी राहत नाही. त्या दिवशीच्या धरणाच्या पातळीतून (ती समुद्रसपाटीपासून मोजतात) खोली वजा करा आणि तो आकडा खुणेचं नाव म्हणून ठेवा. पातळी 244.5 मीटर आणि खोली 2.1 असेल, तर खुंटाचं डोकं 242.4 वर. पुढे पातळी 243 झाली की त्यावर 60 सेंटिमीटरच पाणी आहे हे न जाता कळतं, आणि लहान इंजिनाचा पंखाही जवळपास तितकाच खोल असतो. धरण पूर्ण भरल्यावर पातळी 245.5 असते, तेव्हा हे सगळे खुंट गुपचूप खाली असतात. जीपीएस 3 ते 5 मीटर चुकतं, म्हणून खुणेपासून दहा मीटर लांबून चला. महिन्यातून एकदा खुणा मेमरी कार्डवर उतरवून ठेवा.

तळ ओळखायला पंधरा दिवस लागतात. काळ्या मातीचा गाळ जाड, पसरट पट्टा दाखवतो. मुरूम किंवा खडक असेल तर पट्टा बारीक आणि ठळक, आणि दुप्पट खोलीवर दुसरी फिकी रेघ येते. ठरावीक अंतराने येणारे छोटे उंचवटे म्हणजे जुन्या बांध्यांचे, बुडालेल्या धानाच्या शेतांचे, धुरे. जाळं धुऱ्याच्या उताराला समांतर टाकलं तर अडकत नाही. विहीर मात्र दिसत नाही. 10 मीटर पाण्यात झोत विहिरीच्या तोंडाहून रुंद होतो आणि काठाचाच प्रतिध्वनी आधी येऊन आतली खोली झाकतो.

मासे दाखवणारी चित्रं बंद करून ठेवा. कुजणाऱ्या झाडोऱ्यातून मिथेनचे बुडबुडे वर येतात, यंत्र त्यांनाही मासा म्हणतं. बुडबुड्यांची रेघ तिरपी वर चढते, मासा कमानीसारखा उमटतो, आणि होडी थांबलेली असेल तर लांब आडवी रेघ देतो. संवेदनशीलता आपोआपवर न ठेवता 70-75 टक्क्यांवर ठेवा. जलपर्णीत तर यंत्र बंदच करा, मुळं सेन्सरला गुंडाळतात आणि वरचा मीटरभर पडदा काळा होतो. एप्रिल-मेमध्ये खोल पाण्यात मध्येच एक धूसर आडवा पट्टा दिसतो, तो वरचं कोमट आणि खालचं थंड पाणी यांच्या सीमेचा. खालच्या पाण्यात प्राणवायू कमी, म्हणून रोहू-कतला त्याच्या वरच सापडतात. जाळं तळाला न सोडता त्या पट्ट्याच्या वर टांगायचं. आठ महिन्यांत पकडीच्या दृष्टीने सोनारने दिलेली सगळ्यात कामाची माहिती हीच. मरळीसाठी काही उपयोग नाही, ती काठच्या उथळ झाडोऱ्यात असते.

तक्रारी दोन. मे महिन्याच्या दुपारी पडदा काळवंडतो, ओलं फडकं टाकून सावलीत ठेवला की परत येतो. बंद डिक्कीत तर ठेवूच नका. दुसरी, सेन्सरच्या तोंडावर आठ-दहा दिवसांत शेवाळाचा थर चढतो आणि वाचन फिकं पडतं. मऊ फडक्याने पुसा, पेट्रोल किंवा थिनर लावू नका.

मामा तलावात मासेमारी असेल तर यातलं काहीच घेऊ नका. कोहळी समाजाने बांधलेले ते माजी मालगुजारी तलाव बहुतेक उथळ. तिथे फुटाफुटावर खाचा पाडलेला बांबू खोली सांगतो आणि गाळ की मुरूम तेही हाताला कळवतो. सोनार घ्यावं ते गोसीखुर्द, इटियाडोहसारख्या मोठ्या पाण्यावर रोज इंजिन चालवणाऱ्याने, आणि शक्यतो मच्छीमार सोसायटीने मिळून एक. खुणांची यादी सगळ्या डोंग्यांना वाटता येते, जीपीएस तर प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये आहेच.