भिंतीतला पिंपळ की भिंतीतला वड: बोन्सायसाठी कोणता ठेवावा?

पावसाळ्याच्या तोंडावर गच्चीचे कठडे साफ करायला घेतले की फटींतून दोन रोपं हमखास निघतात, पिंपळ आणि वड. पाखरांची कृपा. उपटून फेकवत नाहीत, पिंपळ तर नाहीच नाही. मग याचं बोन्साय होईल का, असा विचार मनात येतो. मी दोन्ही वाढवून पाहिलेत, त्या अनुभवावर लिहितोय. तुमच्याकडचं ऊन-पाणी वेगळं असेल तर थोडा फरक पडेलही. वड-पिंपळाचाच भाऊबंद असलेला नांदरुक हाती लागला असेल तर मात्र पुढे वाचायची गरज नाही. बारीक पान, सोशिक झाड. तो घ्या आणि कामाला लागा.

बुंध्याच्या बाबतीत पिंपळ उजवा. फटीत दबून वाढल्यामुळे त्याचं मूळ चपटं, पिळलेलं, मध्येच फुगलेलं निघतं. हे म्हातारपण कुंडीत मुद्दाम आणायला वर्षानुवर्षं लागतात. माझ्या वडाचा बुंधा त्यापुढे अगदीच बाळबोध होता. काढताना मुळं दोघांचीही तुटतात, चीकही दोघांना भरपूर, आणि दमट उबदार हवेत दोघंही जीव धरतात. तिथे डावं-उजवं करण्यासारखं काही नाही.

खरी अडचण पानांची. पिंपळाचं पान लहान होत नाही, असं सर्रास म्हणतात. ते मला तितकंसं पटत नाही. भरपूर ऊन दिलं, वाढीच्या दिवसांत पानं एकदा पूर्ण खुडली, तर नवी पानं बऱ्यापैकी लहान येतात. लहान होत नाही तो देठ. मोठ्या झाडावर तो जवळजवळ पानाइतकाच लांब असतो. कुंडीत पान आक्रसलं तरी देठ त्या प्रमाणात आखडत नाही, निदान माझ्याकडे तरी आखडला नाही. शिवाय तो बारीक. म्हणजे तुम्ही तार बांधून फांदी हवी तशी बसवायची, शेंडे खुडून आकार आणायचा आणि पानांनी त्या आकाराच्या खाली लोंबत राहायचं. जरा वारा आला की सगळं झाड हलतं. पारावर बसून ऐकताना हीच सळसळ किती छान वाटते, पण बोन्सायच्या उथळ ट्रेमध्ये ती नजरेला स्थिरच होऊ देत नाही. माझं मन उडालं ते या देठापायी.

वडाचं पान काही नाजूक नसतं; उलट जाड, चामडी. डहाळ्याही ठोकळ, त्यामुळे बारीक फांद्यांच्या जाळीची आशा सोडावी. पण देठ आखूड आणि दणकट असल्याने पान जिथे फुटतं तिथेच ताठ राहतं. छाटणीने दिलेला आकार पुढची पालवी येईपर्यंत टिकतो. आणि पारंब्या! दमट हवेत त्या कुंडीतल्या झाडालाही सुटतात. प्लॅस्टिकच्या नळीतून मातीपर्यंत नेल्या की काही काळाने खांबासारख्या जाड होतात. बुंध्याचा साधेपणा त्यात कुठल्या कुठे झाकला जातो.

पिंपळाचे दिवस येतात ते पानगळीत. फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास तो निष्पर्ण होतो, मागोमाग तांबूस पालवी फुटते. तेव्हा शेजारच्या वडाकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. पण हे वैभव मोजक्या आठवड्यांचं.

तेव्हा पिंपळाचा बुंधा खरोखरच अफलातून असेल तर ठेवा, फक्त झाड दोन-अडीच फुटांचं करा. त्या उंचीला पान आणि देठ थोडे तरी खपून जातात. बुंधा साधाच असेल तर त्याला इमारतीपासून लांब, मोकळ्या जमिनीत लावलेलं बरं. वडाचं रोप मात्र अंगठ्याएवढं असलं तरी सोडू नका. आधी दोन-तीन पावसाळे मोठ्या पसरट कुंडीत मनसोक्त वाढू द्या, ट्रेची घाई नको.