नाव शिकवायला बोलावले पिल्लाला, शिकवणी झाली घरातल्यांची

कुत्र्याच्या पिल्लांना घरी येऊन मूलभूत प्रशिक्षण देणाऱ्या एका सेवेचा लाभ आम्ही कोथरूडमध्ये घेतला. त्यातील पहिला टप्पा, म्हणजे पिल्लाला स्वतःच्या नावाला प्रतिसाद द्यायला शिकवणे, इतका नीट पार पडला की त्याविषयी सविस्तर लिहावेसे वाटते. बसणे, थांबणे, पट्ट्याने चालणे असे पुढचे धडेही त्यांच्याकडे आहेत आणि ते ठीक आहेत. पण नाव काय, हाका मारून मारून आपोआप कळेलच, त्यासाठी पैसे कशाला मोजायचे, असे ज्यांना वाटते त्यांनी हा अभिप्राय अवश्य वाचावा.

आमची खारी गावठी आहे. सोसायटीच्या पार्किंगमध्ये जन्मलेल्या पिल्लांपैकी ती एक, आणि दोन महिन्यांची झाल्यावर पशुवैद्यांकडून तपासून, पहिली लस देऊन आम्ही तिला घरी आणले. प्रशिक्षक ताई पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी तिला जवळजवळ हातही लावला नाही. खारीची पाठ असताना स्वयंपाकघरात एक वाटी पाडून ती दचकते का, हे त्यांनी आधी पाहिले, कारण काही पिल्लांना जन्मतःच ऐकू येत नाही. डाल्मेशियनमध्ये आणि अंगावर पांढरा रंग फार असलेल्या काही कुत्र्यांमध्ये हे प्रमाण अधिक असते, आणि अशा पिल्लाला हाकेऐवजी हाताच्या खुणेने शिकवावे लागते. खारीचे कान तिखट निघाले. मग त्या दिवाणखान्यात एका कोपऱ्यात बसून राहिल्या आणि घरातले कोण तिला कसे बोलावते, ते वहीत टिपत गेल्या.

त्या वहीतून जे बाहेर आले ते बहुतेक मराठी घरांत असेच असेल. सासूबाई तिला ‘बाळे’ म्हणत होत्या, मुलगा ‘खारू’ म्हणत होता, यजमान ‘ए पोरी’ म्हणत होते, आणि तिने चप्पल तोंडात धरली की तिघेही एका सुरात ‘खारीऽऽ’ ओरडत होते. म्हणजे जे नाव तिने शिकावे अशी सर्वांची इच्छा होती, ते तिच्या कानावर मुख्यतः रागाने पडत होते. ताईंनी यावर घातलेले नियम असे: नाव एकदाच घ्यायचे, नावापाठोपाठ काहीतरी चांगलेच व्हायचे, रागावताना, औषध पाजताना, अंघोळीला नेताना नाव घ्यायचे नाही, त्या वेळी मुकाट्याने जाऊन तिला उचलायचे, आणि नाव पक्के होईपर्यंत लाडाची नावे बाजूला ठेवायची. ‘मग हिला रागवायचं कसं?’ असे सासूबाईंनी विचारले. ‘आजी, चप्पल वर ठेवा आणि तिच्या तोंडात तिची दोरी द्या. नाव मात्र घेऊ नका,’ असे त्या म्हणाल्या. ज्येष्ठांना न दुखावता त्यांची सवय बदलायला लावणे सोपे नसते, आणि ते ज्या आदराने त्यांनी केले त्याला मी पूर्ण गुण देते.

प्रत्यक्ष धडा अगदी छोटा असतो, दोन-तीन मिनिटांचा, दिवसातून चार-पाच वेळा आणि शक्यतो जेवणाआधी, म्हणजे पोटात भूक असते. खारी चपलांच्या रॅकपाशी हुंगत होती. ताई तिच्यापासून दोन पावलांवर, जमिनीवर मांडी घालून बसल्या होत्या. त्यांनी आवाज किंचित चढा आणि आनंदी ठेवून ‘खारी’ एवढेच म्हटले आणि त्या गप्प राहिल्या. आधी तिचा डावा कान मागे वळला, नाक मात्र चपलेतच होते. मग मान वळली, आणि नजरेला नजर मिळताक्षणी ‘हां!’ म्हणून त्यांनी पनीरचा कण तिच्या तोंडापाशी नेला. कान वळतो तेव्हा हाक पोचलेली असते, पिल्लू ठरवत असते, आणि आपण नेमके त्याच क्षणी दुसरी हाक मारून ते बिघडवतो, हे त्यांनी आम्हांला दाखवून दिले. सेकंदाच्या आत ‘हां’ आले पाहिजे, कारण उशीर झाला की पिल्लू मधल्या काळात जे करते त्याचेच बक्षीस त्याला मिळते. प्रतिसाद आलाच नाही तर पुन्हा हाक न मारता जवळ जायचे, हलके चुचकारून लक्ष वेधायचे आणि पुढची हाक कमी अंतरावरून मारायची.

खाऊबद्दलचा सल्लाही नेमका होता. तुकडा तुरीच्या डाळीएवढा पुरतो. उकडलेले चिकन किंवा अंडे उत्तम, शाकाहारी घरात पनीर किंवा उकडलेले रताळे चालते. आणि दिवसभराचा असा सगळा खाऊ एकूण आहाराच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त नसावा. द्राक्षे, मनुका, कांदा, लसूण आणि चॉकलेट कुत्र्यांना विषारी ठरू शकतात, हे त्यांनी मुलाकडून पाठ करून घेतले. देवाजवळच्या वाटीत नेहमी मनुका असणाऱ्या घरात ही ताकीद किती गरजेची होती, ते वेगळे सांगायला नको.

हाकेचा सूर चढा का, असे विचारल्यावर त्यांनी 2017 सालच्या एका संशोधनाचा आधार दिला. माणसे पिल्लांशी ज्या लाडिक, उंच स्वरात बोलतात त्याला पिल्ले जोरदार प्रतिसाद देतात, मोठ्या कुत्र्यांना मात्र त्या स्वरात आणि साध्या बोलण्यात फारसा फरक वाटत नाही, असे त्यात दिसून आले होते. दुसरा दाखला मेरीलँड विद्यापीठातील संशोधकांच्या 2019 च्या कामाचा होता: भोवती अनेक आवाजांचा गलबला असतानाही कुत्री स्वतःचे नाव ओळखतात, पण ते नाव गलबल्याहून मोठे किंवा निदान तेवढ्याच पट्टीत उच्चारलेले असेल तरच. तीही वाढ झालेली कुत्री. मग मिक्सर चालू आहे, टीव्हीवर मालिका लागली आहे आणि दोन-अडीच महिन्यांच्या पिल्लाने स्वयंपाकघरातून आलेली हाक ऐकावी, अशी अपेक्षा धरणे अन्यायाचेच आहे. म्हणून त्यांनी क्रम लावून दिला: आधी शांत खोली, मग सगळे घरात वावरत असताना, मग चौघांनी चार कोपऱ्यांत बसून आळीपाळीने हाक मारणे, त्यानंतर गॅलरी आणि जिना. लसींचा क्रम पूर्ण होईपर्यंत तिला बाहेर जमिनीवर सोडायचे नव्हते, त्यामुळे रस्त्याच्या आवाजातला सराव आम्ही तिला कडेवर घेऊनच केला. आता सोसायटीच्या बागेत लांब, हलक्या दोरीवर तोच सराव चालू आहे.

नाव म्हणजे ‘इकडे बघ’, आणि ‘ये’ ही वेगळी आज्ञा, हा भेदही मला फार उपयोगी वाटला. नाव ऐकून ती पाहते आणि मग काय करायचे ते आपण सांगतो. दोन्ही कामे एकाच शब्दावर टाकली की कोणतेच धड होत नाही. नाव ठेवतानाच ते आज्ञांपासून दूर असावे, असेही त्या सांगतात. ‘नो’ ही आज्ञा ज्या घरात वापरली जाते तिथे ‘नोरा’ हे नाव पिल्लाला गोंधळात टाकते.

त्यांनी सोबत क्लिकर, म्हणजे दाबल्यावर टक् असा आवाज करून पिल्लाला ‘बरोबर’ अशी खूण देणारे छोटे साधन, आणला होता. त्याच्या टक् आवाजाने खारी सोफ्याखाली गेली, तेव्हा त्यांनी तो रुमालात गुंडाळून वाजवून पाहिला, आणि तरीही ती बिचकते असे दिसताच पिशवीत ठेवून ‘हां’ या शब्दावर काम भागवले. साधनापेक्षा पिल्लाकडे पाहणारी ही वृत्ती मला सर्वांत मोलाची वाटते. त्यांच्याआधी आम्ही चौकशी केलेल्या दुसऱ्या एका प्रशिक्षकाने नाव ऐकले नाही तर गळ्यातल्या साखळीला झटका द्यावा असे सुचवले होते. नावाशी दुखणे जोडले की पिल्लू वळण्याऐवजी दबकते, आणि असे दबकलेले पिल्लू पुन्हा विश्वासाने वळवणे फार कठीण जाते.

उणिवाही स्पष्ट सांगायला हव्यात. संपूर्ण शुल्क आगाऊ घेतले जाते आणि भेटीची वेळ बहुधा दुपारी मिळते, म्हणजे नोकरी करणारे घरी नसतात. आमच्याकडे यजमानांचा सराव त्यामुळेच मागे पडला. सरावाची टिपणे फक्त इंग्रजीत मिळतात. दिवसभर पिल्लाजवळ असतात त्या आजी-आजोबांना ती वाचता येत नसतील तर त्यांचा उपयोग निम्माच राहतो; आमच्या सासूबाईंसाठी मुलाने ती मराठीत उतरवून फ्रिजवर लावली. सेवेने हे काम स्वतः करावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. शिवाय सहा महिन्यांच्या पुढे, वयात येताना, अनेक पिल्ले शिकलेल्या नावाकडेही दुर्लक्ष करू लागतात, तेव्हाची उजळणीची भेट मूळ शुल्कात धरलेली नाही. ती स्वतंत्रपणे घ्यावी लागते, आणि आम्ही ती घेणार आहोत.