शिंगराच्या पोटशूळासाठी रात्री येणारा घोड्यांचा डॉक्टर (शहादा भाग) : ५ पैकी ४ तारे

पांढरी बोलेरो, बाहेर पाटी-बिटी काही नाही. पण घरी घोडी व्यायची असेल तर या डॉक्टरांचा नंबर आधीच घेऊन ठेवा.

सारंगखेड्याच्या यात्रेतून आणलेली आमची कुमैत (तांबूस-तपकिरी) घोडी संध्याकाळी व्याली. नर शिंगरू. तासाभरात उभं राहिलं, चीकही प्यालं. रात्री मात्र सडाला तोंड लावेना. शेपटी झटकायची, कुंथायचं, मग उताणं होऊन लोळायचं. फोनवर डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न : "कुंथताना पाठ वर काढतंय की खाली दाबतंय?" वर काढतंय. "मग पहिली काळी लीद अडकली असणार. पाठ खाली दाबून पाय ताणत असतं तर मी लघवीच्या पिशवीकडे बघितलं असतं. एरंडेल पाजू नका, निघालोच." इकडे शेजारचे तात्या बाटली घेऊन हजर!

आल्या आल्या सुई नाही टोचली. हिरड्यांचा रंग पाहिला, पोटाला दोन्ही बाजूंनी नळी लावून ऐकलं, बोटाला वंगण लावून आत चाचपलं. कडक गोळा लागला. नराची कमरेची वाट मादीपेक्षा अरुंद, त्यामुळे नरांत हे जास्त, म्हणाले. मग मऊ रबरी नळी, कोमट साबणपाणी, पिशवी हातभर उंच धरलेली. पाणी आपल्या वजनानं जाईल तेवढंच. मी म्हटलं, जरा दाबू का? तर खेकसलेच. आतडं ओल्या कागदासारखं असतं म्हणे. तयार फॉस्फेटचा एनिमा वारंवार देत नाहीत, रक्तात फॉस्फेट चढतं. साबणपाण्यानं भागलं नसतं तर चिकट लीद सैल करणाऱ्या असिटिलसिस्टीन औषधाचं पाणी अर्धा-पाऊण तास आत धरून ठेवणार होते.

तशी वेळ आली नाही. काळ्या गोळ्या पडल्या, पण माणूस हलला नाही. मागून पिवळी मऊ लीद दिसली, तेव्हाच हात धुतले. शिंगरू तोवर आईच्या कासेला ढुशा देत होतं. दुसऱ्या दिवशी येऊन चीक अंगी लागला का, ते पाहायला रक्तही नेलं.

एक तारा कापला तो पैशासाठी. फी आधी सांगत नाहीत आणि बिल दोनदा मागावं लागतं. आकडा मला जास्त वाटला नाही, पण रात्रीच्या फेरीचा दर वेगळा आहे, तो फोनवरच विचारून घ्या. दिवसा फोन कंपाउंडर उचलतो, त्याला फक्त "शिंगरू, पोट" एवढंच सांगा, बाकी तो ऐकत नाही.