ओक्राकोकचं सोळा पायऱ्यांवरचं घर

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनाच्या ओक्राकोक बेटावर आम्ही सुट्टीत भाड्याने घेतलेल्या घराबद्दल हे. सगळ्यात आधी पायऱ्या. जाहिरातीत सोफ्याचे सात फोटो आहेत, जिन्याचा एकही नाही. घर लाकडी खांबांवर उभं आहे, वर जायला सोळा पायऱ्या, आणि कठडा एकाच बाजूला. पोचल्या पोचल्या सासूबाईंनी खालूनच वर बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, हे घर आहे की मचाण?" नंतर चार दिवस त्या फार तर दोनदा खाली उतरल्या असतील. घरात गुडघेदुखीचं माणूस असेल तर आधीच विचार करा.

घर इतकं उंच का, ते खालच्या एका खांबावर कळतं. माझ्या कमरेच्या जरा वर निळ्या रंगाची रेघ आहे आणि बाजूला 2019. त्या वर्षी 6 सप्टेंबरला डोरियन चक्रीवादळ आलं तेव्हा हे घर जमिनीलगत होतं. घर सांभाळणाऱ्या आजी तिथल्याच. त्यांनी सांगितलं, की पाणी आत शिरलं, भिंती सोलून काढाव्या लागल्या, मग अख्खं घर उचलून खांबांवर ठेवलं. रेघ मात्र सोडली नाही. जुन्या दाराच्या चौकटीवरचा डाग मोजून तो नव्या खांबावर उतरवून घेतला. गावात हिंडताना अशी उचललेली घरं पावलोपावली दिसतात, आणि मधेच एखादं न उचललेलं.

आता घराच्या जागेबद्दल. "समुद्रकिनारी घर" शोधत असाल तर हे ते नाही. ओक्राकोकवर तसं घर मिळणारच नाही. बेट जवळजवळ सोळा मैल लांब, पण वस्ती फक्त नैऋत्य टोकाला, तीही साउंडच्या, म्हणजे मुख्य जमिनीकडच्या पाण्याच्या, बाजूने. बाकी सगळी केप हॅटरस नॅशनल सीशोअरची राखीव जमीन. वाळू, गवत आणि मधून जाणारा बारा नंबरचा रस्ता. समुद्रावर जायला सायकल किंवा गाडी काढायचीच. त्याचं बक्षीस म्हणजे तिथे पोचल्यावर मैलभर एकही इमारत नजरेला पडत नाही.

घराच्या मागे छोटा लाकडी धक्का आहे, तो पाम्लिको साउंडमध्ये उतरतो. बेट आणि मुख्य जमीन यांच्यामधलं हे पाणी अफाट पसरलेलं, पण उथळ. भरती-ओहोटी त्यात नावालाच, पाणी हलवतो तो वारा. हे मी आधी कुठेतरी वाचलं होतं, पण कळलं ते इथे. पहिले दोन दिवस दक्षिणेचा वारा होता आणि धक्क्याखाली नुसता चिखल. मुलगा वैतागला, "पाणी कुठे गेलं?" पाणी पलीकडे लोटलं गेलं होतं. मुलांनी चिखलात खेकडे शोधले, दोन चपला तिथेच राहिल्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी हवा बदलली. तासाभरात वारा फिरून वायव्येकडून, साउंडवरून, येऊ लागला आणि अंगावर स्वेटर चढले. चारच्या सुमाराला आजींचा फोन आला. नमस्कार-चमत्कार काही नाही. गाडी खालून काढा आणि गल्लीच्या टोकाला, चढावर लावा. चढ म्हणजे काय, तर आपल्या डोळ्यांना दिसणारही नाही इतका. गावाचा बराचसा भाग समुद्रसपाटीपासून पाच फूटही वर नाही, तेव्हा तिथे वीतभर उंचीलाही चढच म्हणतात. नवरा म्हणाला, पाऊस तर नाहीये. मी म्हटलं, आधी गाडी हलव, मग वाद घाल.

रात्री दहाला टॉर्च घेऊन जिन्यात बसलो. आभाळ निरभ्र, चांदण्या लखलखीत, आणि गटाराच्या जाळीतून साउंडचं पाणी गुपचूप वर येत होतं. आधी गल्लीच्या खड्ड्यात, मग हिरवळीवर, मग सगळ्यात खालच्या पायरीवर. मुलीने बोट बुडवून चाखलं, खारट. सकाळी ते ओसरलं होतं. अंगणात पाणगवताची वाकडी ओळ तेवढी उरली होती, आणि गल्लीच्या तोंडाशी कुणाची तरी गोल्फ कार्ट चाकांपर्यंत ओली. आजी हसून म्हणाल्या, "डिंगबॅटरची असणार." डिंगबॅटर म्हणजे बाहेरून आलेला, इथल्या बोलीतला शब्द. आमची गाडी कोरडी होती म्हणून आम्हालाही हसता आलं. खारं पाणी गाडीच्या पोटात गेलं की गंज चढतो, हे भाड्याच्या कागदावर लिहायला हवं होतं. नाही लिहिलेलं.

त्याच वाऱ्याने आमची परतीची फेरीबोट रद्द झाली. या बेटाला पूल नाही. मुख्य जमिनीच्या बाजूच्या स्वॉन क्वार्टर किंवा सीडर आयलंडहून येणाऱ्या बोटीला तिकीट आणि आरक्षण. शेजारच्या हॅटरस बेटावरून येणारी फुकट, पण रांगेत उभं राहायचं. आम्ही स्वॉन क्वार्टरची घेतली होती, अडीच तासांच्या वरचा प्रवास. आजींनी त्या जादा दुपारचे पैसे घेतले नाहीत, वर अंजिराच्या मुरंब्याची बाटली दिली. ती दुपार मी टपाल कार्यालयात घालवली, कारण इथे पत्र घरपोच येत नाही आणि सगळं गाव तिथे येऊन जातं. 2020 च्या जनगणनेत लोक आठशेही नव्हते. शाळा एकच, पहिलीतलं पोर आणि बारावीतला मुलगा एकाच छताखाली. त्या दिवशी प्रत्येकाच्या तोंडी पाणीच होतं, कोणाच्या अंगणात किती आलं. आकडे इंचांत सांगत होते.

बाकी तक्रारी. मागच्या व्हरांड्याची जाळी फाटली आहे, त्यामुळे संध्याकाळी डास तुम्हाला आत पिटाळतात. वायव्येच्या खोलीची खिडकी रात्रभर शीळ घालते, ती खोली मुलांना द्या, त्यांना पत्ता लागत नाही. सुऱ्या बोथट. कुकर अर्थातच नाही, आपला नेला होता. वायफाय हवेप्रमाणे. गरम पाणी भरपूर, गाद्या चांगल्या, आणि खालच्या कपाटात वेगवेगळ्या मापांचे रबरी बूट ओळीने ठेवलेत. पहिल्या दिवशी ते मला अडगळ वाटले होते.

पाचपैकी चार. एक तारा त्या न दाखवलेल्या जिन्याचा कापला. पुन्हा जाणार आहोत, मार्चमध्ये. सासूबाईंनी आत्ताच सांगून ठेवलंय, की दुसऱ्या बाजूलाही कठडा बसवला असेल तरच त्या येतील. आजींना तसं कळवलंय.