पाण्यावर अ‍ॅव्हरेज वाढवणारी बरणी: २२,०५० रुपये

एचएचओ किटचे (विजेने पाण्यातून हायड्रोजन-ऑक्सिजनचा गॅस काढून इंजिनात सोडणारी बरणी) १४,५००, फिटिंगचे १,२००, आणि नंतर जळालेलं वायरिंग व ऑक्सिजन सेन्सर बदलायचे ६,३५०. सगळे पाण्यात.

मी काही अडाणी नाही. ई-२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) आल्यापासून गाडीचं अ‍ॅव्हरेज पडलंय. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एकतृतीयांश ऊर्जा कमी, हे खरंच आहे. किट विकणारा नेमका त्याच दुखण्यावर बोट ठेवून बोलत होता. वर देशभक्तीची फोडणी: आपण ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरून आणतो, साहेब! आकडा खरा, मग पुढचंही खरं वाटणारच ना?

बरणीत स्टीलच्या प्लेटा, त्यावर बुडबुडे. नळी साबणाच्या पाण्यात धरून त्याने फेसाला लायटर लावला, फट्! बायकोसुद्धा म्हणाली, घेऊन टाका.

कळायला हवं होतं ते टेस्ट ड्राइव्हला. बायपासला लागल्यावर त्याने अ‍ॅव्हरेजचा आकडा रीसेट केला आणि एसी बंद केला. "आवाजात बोलता येत नाही हो." भर मे महिना, शर्ट पाठीला चिकटलेला, आणि मी डॅशबोर्डवर २४.८ बघून मान डोलावतोय! सपाट रस्त्यावर साठच्या स्पीडला, टॉप गिअरमध्ये, कुठलीही गाडी छान अ‍ॅव्हरेज देते. त्याच जागी एसी लावून बघा म्हणायचं एवढंच होतं.

अरे, तो गॅस बनवायला वीज अल्टरनेटरची, अल्टरनेटर फिरवतं इंजिन, इंजिन पितं पेट्रोल. गॅसमधून मिळतं त्याहून जास्त आधीच गेलेलं असतं. अ‍ॅव्हरेज टाकी फुल टू फुल मोजा, डॅशबोर्डवर जाऊ नका.

चौकीत ऐकवलं, "वस्तू मिळाली ना? मग फसवणूक कसली?" ग्राहक हेल्पलाइनने तक्रार विक्रेत्यालाच पाठवली, त्याने उत्तर दिलं नाही, म्हणून तक्रार बंद! आरटीओतले साहेब म्हणाले, गाडीत बदल तुम्हीच केलेत, दंड तुम्हालाच लागेल. म्हणजे लुटलेल्यालाच पावती फाडायची. १९९६ साली तमिळनाडूत रामर पिल्लेचा झाडपाल्यापासून पेट्रोल बनवल्याचा दावा गाजला, तेव्हा निदान सीबीआय तरी मागे लागली. आमच्या वाट्याला साधा हवालदारही नाही.

पक्कं बिल घ्या. माझ्या चिठोऱ्यावर 'वॉटर प्युरिफायर अ‍ॅक्सेसरी' लिहिलंय, तेही शाई उडालेलं. इंजिनाच्या वायरिंगला कुणालाही हात लावू देऊ नका, वॉरंटीवर पाणी सोडावं लागतं. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. मी तिथे अर्ज टाकलाय.

तो मात्र तीच बरणी आता 'ई-२० स्पेशल' म्हणून विकतोय. १६,५०० रुपये.